नगराळे मास्तर आणि ‘परमनंट’

नगराळे मास्तर वर्गात आले की आधी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन आखत. धडा उरलेल्या फळ्यावर. चौकोनात रोज एकच इंग्रजी शब्द, त्याच्या खाली त्या शब्दाचा बाप, बापाचा बाप, आणि बाजूला त्याचे चुलतभाऊ. तास संपला की पुढच्या मास्तरांसाठी फळा स्वच्छ पुसायचे, चौकोन तेवढा ठेवायचे. गणिताचे मास्तर चिडायचे. “तुमच्या शब्दापायी माहं त्रैराशिक अर्ध्यात तुटते,” म्हणायचे. मग नगराळे मास्तर चौकोन थोडा लहान आखायचे. पुसायचे मात्र नाहीत.

हे मला इतकं पक्कं माहीत आहे, कारण त्यांचा आणि माझा वर्ग शेजारी होता आणि मध्ये भिंत नव्हती, बांबूचा तट्ट्या होता. कारंज्याची आमची शाळा तेव्हा नवीन. विटांच्या चार खोल्या झाल्या होत्या, बाकी सगळं तट्ट्यांवर चाललेलं. अलीकडे मी पाचवीला मराठी शिकवायची, पलीकडे ते मॅट्रिकच्या वर्गाला इंग्रजी. त्यांचा वर्ग मी दोन वर्षं जवळजवळ पूर्ण ऐकला. माझं इंग्रजी जे काही आहे ते तट्ट्यातून आलेलं आहे.

आम्ही दोघं एकाच दिवशी रुजू झालो होतो, पंचावन्नच्या जूनमध्ये. दोघांच्या हुकमावर एकच ओळ होती: टेम्पररी, पुढील आदेशापर्यंत. मी आर्वीची, घरी फक्त आई. वडील गेल्यावर तिला घेऊन कारंज्याला आले आणि दोन खोल्या भाड्याने घेतल्या. नगराळे मास्तर वर्ध्याचे. कारंज्याच्या कडेला आई आणि बायकोबरोबर राहत. उंच होते, खांद्यांतून किंचित वाकलेले. सदऱ्याची कॉलर झिजली की ती उसवून उलटी करून शिवत. काखेत कायम एक जाडजूड डिक्शनरी, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली. वर्गात स्वच्छ पुस्तकी बोलायचे. वर्गाबाहेर पाऊल पडलं की आमच्यासारखेच.

“हा शब्द आला कोठून जी?” हे ते कोणालाही विचारायचे. हायवेवर ट्रकवाले थांबत, त्यांना विचारायचे. संत्र्याच्या पेट्या ठोकणाऱ्या सुताराला विचारायचे. बाजारात एक म्हातारे उर्दूचे मास्तर अत्तराच्या बाटल्या घेऊन बसत, त्यांच्याकडे तर तासन्‌तास बसायचे. एकदा तिथून थेट माझ्याकडे आले, चेहरा उजळलेला. म्हणाले, “बाई, आपून थकामांदा म्हणतो ना? त्यातला मांदा फारसीतला हाये. मांदा म्हणजे मागं राह्यलेला. आन राहणं म्हणजे मांदन. लॅटिनमधी राहणं म्हणजे मानेरे. सख्खे भाऊ हायेत दोघं. एक रोमले गेला, एक इराणात राह्यला.”

मी म्हटलं, “मग थकलेला कसा झाला?”

“चालता चालता जो मागं राहते, तो थकलेलाच असते न जी.”

स्टाफरूममध्ये पाण्याचा माठ होता. मास्तरांनी तो कधी वापरला नाही. घरून सुरई आणायचे आणि व्हरांड्याच्या टोकाला बसून डबा खायचे. माठातलं घ्या, असं आमच्यापैकी कोणी त्यांना म्हटलं नाही. मीही नाही. पण व्हरांड्यात जाऊन मी त्यांच्याशी बोलायची, आणि तेवढ्यावर स्वतःला बरीच सुधारलेली समजायची.

तिथेच त्यांनी मला एकदा त्यांच्या वडिलांचं सांगितलं. वडील वर्ध्याच्या एका कचेरीत झाडलोट करायचे. त्यांच्या कागदावर दोन इंग्रजी शब्द होते. मेनियल. टेम्पररी.

“मी सातवीत होतो. बापाले विचारलं, याचा अर्थ का? तो म्हणे, सायबाले माहीत. सायबाले विचाराले गेलतो, तो म्हणे, तुह्या बापाले माहीत.” मास्तर हसले नाहीत. “मंग मी डिक्शनरी पाह्यली. बाप मरेपर्यंत त्याच कचेरीत राह्यला. अखेरच्या दिवशीबी सकाळी झाडू मारून आला. कागदावर टेम्पररीच. आता सांगा बाई, जो मरेपर्यंत राह्यला तो टेम्पररी कसा?”

डबा झाकून ते उठले, कारण घंटा झाली होती. घंटेनंतर एक मिनिट ते वर्गाबाहेर राहत नसत.

दुसऱ्या वर्षी, छप्पन्नच्या पावसाळ्यात, हेडमास्तर पाध्ये सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. पाध्ये सर भले होते, फार भित्रे होते. टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाले, “मार्चनंतर कमिटी एक जागा परमनंट करणार आहे. जागा एक, तुम्ही दोघं. सेक्रेटरीसाहेब स्वतः येऊन वर्ग बघतील. जपून शिकवा.”

सेक्रेटरी म्हणजे बापूरावजी. संत्र्याचे मोठे बगीचे, गावात दुमजली घर, आणि घराच्या कमानीवर सिमेंटमध्ये इंग्रजीत कोरलेलं ‘मॅन्शन’. मी राहत होते त्या दोन खोल्या त्यांच्याच भावाच्या.

आठवड्याभरात ते आले. माझ्या वर्गात पाच मिनिटं उभे राहिले, मुलींच्या वह्या पाहिल्या, “अक्षर चांगलं हाये,” म्हणाले आणि पलीकडे गेले. पलीकडे मात्र खुर्ची मागवून बसले. मी माझ्या वर्गाला शुद्धलेखन दिलं आणि तट्ट्याजवळ उभी राहिले.

धडा कुठल्याशा जुन्या इमारतींवर होता. एका मुलीने विचारलं, “सर, परमनंट म्हणजे?”

खडूचा आवाज आला. चौकोन आखला जात होता. माझ्या मनात आलं, आज अर्थ सांगा आणि पुढे चला.

“पर म्हणजे आरपार, अखेरपर्यंत,” मास्तरांचा आवाज आला. “मानेरे म्हणजे राहणं, थांबणं. ही लॅटिन भाषा. जो अखेरपर्यंत राहतो तो परमनंट. याच घराण्यातला रिमेन, म्हणजे मागे उरणं. याच घराण्यातला मॅन्शन, राहण्याची जागा. आणि मेनियल. मेनियल म्हणजे मुळात त्या घरात राहणारा, घरचा माणूस. पुढे लोकांनी त्याचा अर्थ खाली नेला. आता हलकी कामं करणाऱ्याला मेनियल म्हणतात.”

पलीकडे खुर्ची सरकली. मग बापूरावजींचा आवाज आला, अगदी सावकाश.

“म्हणजे मास्तर, माहं घर आन माह्या घरचा गडी एकच झाले?”

“एकाच धातूचे आहेत जी. शब्द.”

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं.

“आन तुमी कोन्त्या धातूचे?”

“मी टेम्पररी आहे जी,” मास्तर म्हणाले. “पुढचं वाक्य कोण वाचतं?”

शाळा सुटल्यावर मी त्यांना फाटकापाशी गाठलं. मला त्यांचा राग आला होता. का, ते मला नीट सांगता आलं नसतं. ते हरले तर जागा मला मिळणार होती, तरी राग आला होता.

“मेनियल काऊन सांगितलं सर? आजच? त्यांच्यासमोर?”

“शब्द त्याच घरचा होता बाई,” ते म्हणाले. “बाकीचे घरात घेतले. त्याले एकट्याले बाहेर कसा ठेवू?”

दसऱ्याच्या आधी त्यांनी रजेचा अर्ज दिला. आईला आणि बायकोला घेऊन ते नागपूरला चालले होते. अर्जात कारण सरळ लिहिलं होतं: बौद्ध धर्माची दीक्षा घेण्यासाठी. पाध्ये सरांनी तो अर्ज हातात घेतला तेव्हा मी हजेरीपट द्यायला आत गेले होते. त्यांनी मला थांबा म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही.

“नगराळे, कारण बदला. घरगुती काम लिहा.”

“घरगुती नाही सर. लाखो माणसं येणार आहेत.”

“मग तब्येत लिहा. आईची तब्येत. मी सही करतो, विषय संपतो. हा कागद कमिटीपुढे जाईल, समजून घ्या.”

“आईची तब्येत चांगली आहे सर. चालत येईन म्हणते.”

पाध्ये सरांनी घाम पुसला. “अहो, एका शब्दाने काय बिघडतं?”

“एका शब्दाने लई बिघडते सर,” मास्तर म्हणाले. वर्गाबाहेर असूनही पाध्ये सरांशी ते नेहमी पुस्तकी बोलत. त्या दिवशी पहिल्यांदा घरचं बोलले.

अर्ज तसाच गेला. दसऱ्यानंतर ते परत आले, पांढऱ्या सदऱ्यात. शाळेच्या शिपायाने सगळ्यांदेखत विचारलं, “सर, आता तुमाले का म्हणाचं?” ते म्हणाले, “नगराळेच म्हण. माणूस तोच हाये, मान फक्त सरळ झाली.” आणि चौकोन आखायला गेले. खांदे मात्र होते तसेच वाकलेले होते. मला वाटतं वाक्य बोलून गेल्यावर त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण त्या दिवसापासून ते चालताना मुद्दाम ताठ चालत, आणि विसरले की परत वाकत.

नोव्हेंबरात आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. शिक्के बदलले, कागदांवरचं नाव बदललं. कमिटी तीच राहिली. स्टाफरूममध्ये मास्तर आले की बोलणं थांबू लागलं. गणिताच्या मास्तरांनी चौकोनाची तक्रार बंद केली. ते आता स्वतःच तो पुसून टाकत. नगराळे मास्तर दुसऱ्या दिवशी पुन्हा आखत.

जानेवारीत शिपायाने एक टाइप केलेला कागद माझ्या हजेरीपटात ठेवला. म्हणाला, “हेडमास्तर म्हणतात, वाचा आन सही करा.” शिक्षण खात्याकडे पाठवायची तक्रार होती, इंग्रजीत. नगराळे वर्गात धर्माचा प्रचार करतात, अभ्यासक्रम सोडून बोलतात, सबब त्यांना परमनंट करू नये. खाली चार सह्या होत्या. पाचवी जागा रिकामी.

तो कागद दोन दिवस माझ्या हजेरीपटात होता. घरी नेला, आईला काही सांगितलं नाही, परत आणला. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नगराळे मास्तर एका मुलाच्या धाकट्या भावाची हजेरी बघायला आले आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी पट उघडला.

उभ्या उभ्या वाचलं. चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. वाचून झाल्यावर खिशातली लाल पेन्सिल काढली, कागद टेबलावर ठेवला आणि एका शब्दाभोवती गोल केला.

“परमनंटमधी एनच्या पुढं ई पाह्यजे,” ते म्हणाले. “टाइप करणाऱ्यानं ए टाकला. मानेरेमधला ई हाये तो. दोन वर्षं फळ्यावर लिहून राह्यलो, आन ऑफिसातच चूक.” पेन्सिल खिशात गेली. “सही कराची तर करा बाई. तुमाले आई हाये. पण चुकीच्या कागदावर करू नका.”

मी सही केली नाही. याचं श्रेय मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला दिलं. खरं म्हणजे लाल गोल पडलेला कागद आता कुठे पाठवता येत नव्हता, म्हणून मी तो परत देऊ शकले. पाध्ये सरांनी तो गोल पाहिला आणि कितीतरी वेळ डोकं धरून बसले. मग म्हणाले, “राहू द्या. कमिटी तुम्हाला तोंडीच विचारेल.”

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी कमिटी बसली. विटांच्या मोठ्या खोलीत लांब टेबल, पलीकडे बापूरावजी आणि आणखी तिघं, कडेला पाध्ये सर लिहून घ्यायला. नगराळे मास्तर एका बाजूला खुर्चीवर बसले होते, डिक्शनरी मांडीवर. मला उभंच ठेवलं, किंवा मीच बसले नाही, आता आठवत नाही.

बापूरावजी माझ्याशी चांगलं बोलले. “बाई, घाबरू नोका. तुमचा वर्ग यांच्या वर्गाले लागून हाये ना?”

“हो.”

“मधात भित नाई, तट्ट्या हाये. मंग हे मास्तर वर्गात धर्माचं बोलतात का, तुमाले ऐकू येतच असन.”

मास्तर माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या फळ्याकडे बघत होते. त्या फळ्यावर काही नव्हतं.

दोन वर्षांत त्या तट्ट्यातून धर्माचा एक शब्द आला नव्हता. दसऱ्यानंतरही नाही. मला एवढंच म्हणायचं होतं. नाही, बोलत नाहीत. तीन शब्द. मी तोंड उघडलं तेव्हा मला आमच्या दोन खोल्या दिसल्या, आई दारात तांदूळ निवडत बसलेली दिसली.

“तट्ट्याआडून नीट ऐकू येत नाही,” मी म्हटलं.

“काहीच नाई?”

“वर्गात मुलं असतात. गलका असतो.”

“ठीक हाये. जा तुमी.”

मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून नगराळे मास्तरांचा आवाज आला. “माझी एकच विनंती आहे. जो काही ठराव होईल त्यात कारण लिहा.” कोणीतरी म्हणालं, कारण लिहायची गरज नसते. ते म्हणाले, “मी माझ्या अर्जात लिहिलं होतं.”

ठरावात कारण लिहिलं गेलं नाही. ‘सेवेची आवश्यकता नाही’ एवढंच होतं. माझं पत्र त्याच दिवशी टाइप झालं. त्यात तो शब्द होता, आणि या वेळी टायपिस्टने ई बरोबर टाकला होता. आईने पत्र देवापाशी ठेवलं. मी त्या संध्याकाळी जेवले नाही, डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

सोमवारी मी वर्गात गेले. मुलांना वाचन दिलं. पलीकडे मास्तर आले, चौकोन आखल्याचा आवाज आला. आणि मग ते शिकवू लागले, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात. ओरडून नव्हे. एकेक अक्षर सुटं, स्वच्छ, तट्ट्याच्या या बाजूला शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. माझी पाचवीची मुलं वाचायची थांबली आणि ऐकू लागली. शाळेचे शेवटचे पाच आठवडे ते रोज तसेच शिकवत राहिले. का, ते मी विचारलं नाही. ते व्हरांड्याच्या टोकाला बसायचे आणि मी स्टाफरूममध्ये.

पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की अमरावतीकडच्या एका शाळेत त्यांना लगेच घेतलं आणि तिथे ते हेडमास्तर झाले. मी कारंज्यालाच राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले. तट्ट्या जाऊन भिंती आल्या. पत्र लिहायचं मी अनेकदा ठरवलं. एकदा पाकिटावर पत्तासुद्धा लिहिला, तो फाडला.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच एप्रिलमध्ये. आर्वीला जायला मी हायवेवर मोटारीची वाट बघत होते. धाब्यासमोर एक ट्रक उभा होता आणि त्यात सामान चढत होतं. पत्र्याची पेटी, दोन गाद्या, एक खाट, पुस्तकांची पोती. त्यांची आई ड्रायव्हरशेजारी चढून बसली होती, पांढऱ्या लुगड्यात. बायको तिच्या मांडीवर पिशवी देत होती. मास्तर मागे सामानावर उभे राहून दोर ओढत होते. दोर पलीकडून येत होता आणि खाली धरायला कोणी नव्हतं.

त्यांनी मला पाहिलं. मी जागची हलले नाही.

“बाई,” ते म्हणाले, “हे टोक धरा जी जरा.”

मी पिशवी खाली ठेवली आणि दोराचं टोक धरलं. काथ्याचा दोर होता. ते वरून म्हणाले, “वढा. आणखी.” मी दोन्ही हातांनी ओढलं. खाट करकरली, सामान आवळलं गेलं. ते वाकून गाठ मारत होते. त्यांचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता, घामाने भरलेला. मी म्हणणार होते. कमिटीच्या त्या रविवारपासून जे म्हणायचं होतं ते माझ्या ओठांवर आलं होतं.

“सोडू नका,” ते म्हणाले, “गाठ बसू द्या.”

मी धरून राहिले. त्यांनी दोनदा पीळ दिला, अंगठ्याने दाबून पाहिलं.

“सोडा आता.”

मी सोडलं. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मास्तर सामानावरच बसले, डिक्शनरी मांडीवर घेऊन, आणि ट्रक तळेगावच्या बाजूला निघाला. वळणापर्यंत ते दिसत होते. मला वाटलं होतं ते मान फिरवून दुसरीकडे बघतील. त्यांनी तसं केलं नाही. वळण येईपर्यंत माझ्याकडेच बघत होते. मी हात वर केला नाही, कारण दोन्ही तळव्यांत काथ्याच्या कुसळांनी आग होत होती आणि मी ते पदराखाली धरून उभी होते.